बातमी सांगायच्या आधीचे बारा आठवडे

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला, एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर छातीत धस्सच झालं, पण ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "ताई, दोन रेघा आल्यात." मग थोडा वेळ दोघी काहीच बोललो नाही, मग दोघी रडलो, आणि डोळे पुसून झाल्यावर तिचा पहिला प्रश्न आला की अगं ॲपमध्ये तारीख टाकली तर पाच आठवडे दाखवतंय, पाळी चुकून जेमतेम आठवडा झालाय, मग पाच कुठून आले?

मलाही माझ्या वेळी हेच कळलं नव्हतं. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे तर आपण खरं तर प्रेग्नंट नसतोच, तरी ते धरतात कारण पाळीची तारीख आपल्या लक्षात असते आणि बीज नेमकं कधी सुटलं ते कुणालाच माहीत नसतं. ४० आठवडे, २८० दिवस, हा सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. त्यामुळे आपल्याला कळतं तेव्हा महिना आधीच गेलेला असतो, आणि त्या महिन्यात आणि पुढच्या दोन महिन्यांत आत जे काय घडतं ना, ते बघितलं की मला अजूनही थक्क व्हायला होतं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी सहाव्या आठवड्याच्या आसपास बंद होते. सहाव्या! तेव्हा बाळ चार-पाच मिलिमीटरचं असतं आणि घरात अजून कुणाला पत्ताही नसतो.

ती नळी नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक ॲसिड या व्हिटॅमिनची गोळी. मी तिला तेव्हाच विचारलं, घेतेयस का, तर म्हणाली डॉक्टरांकडे गेले की लिहून देतीलच ना. मी म्हटलं अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, सकाळी आधी त्यांना फोन करून विचार आणि उद्यापासूनच सुरू कर. रोजचे ४०० मायक्रोग्रॅम, खरं तर बाळाचा विचार सुरू केला तेव्हापासून आणि निदान बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. डायबेटिस असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डोस बराच जास्त असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलचा अभ्यास आला होता, ज्या बायकांच्या आधीच्या बाळाला असा दोष होता त्यांना फॉलिक ॲसिड दिल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. इतकी साधी गोळी आणि इतका फरक, म्हणून मी जिला तिला हे सांगत सुटते. आणि जिला उशिरा कळलंय तिने स्वतःला दोष देत बसू नये, ज्या दिवशी कळलं त्या दिवशी सुरू करायची.

आता मळमळ. यावर मला बरंच बोलायचंय कारण माझे तेच दिवस सगळ्यात वाईट गेले.

साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, आठवा नववा दहावा आठवडा म्हणजे कहर, मग हळूहळू उतरते आणि बऱ्याच जणींची बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान जाते, काहींची विसाव्यापर्यंत राहते. दहापैकी सात-आठ जणींना होतेच. मॉर्निंग सिकनेस हे नाव कुणी दिलं माहीत नाही पण मला सकाळ, दुपार, रात्र सगळं सारखंच होतं. शेजारच्या घरात कांदा परतायला टाकला की माझ्या घरात मला उमासे, लिफ्टमध्ये कुणी परफ्यूम मारलेलं असलं की मी जिन्याने, आणि रोजचा साबण, ज्याला काही वास असतो हेच मला आधी माहीत नव्हतं, तोसुद्धा बदलावा लागला.

आणि तेव्हा ओळखीतल्या एका बाईंनी मला सांगितलं की हे सगळं मनाचं असतं, मन रमव म्हणजे बरं वाटेल. ते वाक्य मला फार लागलं होतं. उलटी करून करून घसा सोललेला, आणि वर हे की दोष माझ्या मनाचा. नंतर वाचलं तेव्हा कळलं की एकेकाळी डॉक्टरसुद्धा असंच म्हणायचे, बाईला मनातून मूल नकोय म्हणून उलट्या होतात असं. मग डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' मध्ये एक संशोधन आलं, त्यात या मळमळीमागे जीडीएफ-१५ नावाचं एक हार्मोन असल्याचं दिसलं, ते बाळ आणि वार (प्लॅसेंटा) तयार करतात आणि ते आईच्या मेंदूतल्या उलटीच्या भागावर काम करतं. जिच्या शरीरात हे हार्मोन आधी कमी होतं तिला त्याची सवय नसते म्हणून तिला त्रास जास्त होतो, आणि जिच्यात आधीपासूनच जास्त असतं, उदाहरणार्थ थॅलॅसेमिया या रक्ताच्या आजाराच्या एका प्रकारात, तिला मळमळ खूपच कमी होते. या कामात ज्या मुख्य संशोधक आहेत त्या मार्लेना फेझो, त्यांना स्वतःला १९९९ मध्ये इतक्या भयंकर उलट्या झाल्या होत्या की त्यांचं बाळ गेलं. त्या दुःखातून त्या वीस-पंचवीस वर्षं याच प्रश्नाच्या मागे लागल्या. हे मी बहिणीला वाचून दाखवलं आणि ती म्हणाली, म्हणजे मी नाटक करत नाहीये. अगं राणी, कोण म्हणालं तुला नाटक?

मला ज्याने खरंच फरक पडला तेवढं सांगते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोट रिकामं राहू द्यायचं नाही. पोट रिकामं झालं की मळमळ वाढते, मळमळ वाढली की खावंसं वाटत नाही, खाल्लं नाही की पोट अजून रिकामं, हे चक्र एकदा सुरू झालं की दिवस गेलाच. मी उशाशी डब्यात कोरडी बिस्किटं ठेवायचे, जाग आली की उठून बसायच्या आधी, आडव्याआडव्याच दोन खायची, पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहायचं आणि मग हळू उठायचं. मग दिवसभर दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं. ताट भरून जेवणं त्या दिवसांत विसरायचं. गार खाणं बरं पडतं कारण गरम पदार्थाचा वास जास्त सुटतो. उकडलेला बटाटा, टोस्ट, केळं, दही, मूठभर दाणे, जे राहील ते. थोडं प्रोटीन पोटात गेलं की मला जास्त वेळ बरं वाटायचं. पाणी जेवणासोबत गटागटा न पिता मधल्या वेळात घोट घोट, तेही नको झालं तर बर्फ चघळायचा. आल्याचा काही जणींना खूप उपयोग होतो, मला थोडाच झाला, लिंबाचा नुसता वास घेतला तरी मला बरं वाटायचं. आणि या काळात आहार संतुलित नाही झाला म्हणून रडायचं नाही, पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या कॅलरी लागतच नाहीत, दोन जिवांचं खा हे जे सगळे म्हणतात ना त्याची आत्ता तरी काही गरज नसते, वजन थोडं उतरलं तरी बऱ्याचदा नंतर भरून येतं.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका हे मला डेंटिस्टने सांगितलं. पोटातल्या ॲसिडने दातांवरचं कवच मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश घासला की ते झिजतं. आधी पाण्याने, जमलं तर चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरायची आणि अर्ध्या तासाने ब्रश. आणि आयर्नच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा, वेळ बदलतात, रात्री घ्यायला सांगतात, किंवा थोड्या आठवड्यांनी सुरू करतात. गपचूप बंद करू नका.

औषधाचं म्हणाल तर याबाबतीत दोन्ही बाजूंनी चुका होतात. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी आली, झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी सर्रास देत होते, १९६१ च्या शेवटी मागे घेतली, पण तिच्यामुळे जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांचे दोष घेऊन जन्माला आली. ती भीती रास्त आहे, आणि म्हणून आपल्या मनाने, कुणाच्या पर्समधली, मागच्या आजारपणातली उरलेली अशी एकही गोळी घ्यायची नाही, डोकं दुखलं तरी आयब्युप्रोफेन नाही, विचारून पॅरासिटामॉल. पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधं चालू असतील तर तीही ताबडतोब बंद आणि डॉक्टरांना फोन. पण त्याच भीतीपोटी नंतर चांगली औषधंही बायकांनी नाकारली. बी-सिक्स व्हिटॅमिन आणि डॉक्झिलामाइन नावाचं औषध यांची मळमळीवरची गोळी अमेरिकेत १९८३ मध्ये कंपनीने कोर्टकेसेसमुळे बाजारातून काढली, बाळाला दोष होतो असं अभ्यासात दिसलं नव्हतं तरी, आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध खात्याने त्याच जोडीला पुन्हा परवानगी दिली. मला डॉक्टरांनी हीच दिली होती आणि मी आठवडाभर ती ड्रॉवरमध्ये ठेवून सहन करत बसले. तो आठवडा मला उगाचच भोगावा लागला. थायरॉइडची, फिट्सची, डिप्रेशनची गोळी चालू असेल तर तीही स्वतःहून बंद करायची नाही, आधी विचारायचं.

आणि हे नीट वाचा, २४ तासांत पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल, लघवी गडद पिवळी आणि अगदी थोडी होत असेल, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येत असेल किंवा वजन पाच टक्क्यांच्या वर उतरलं असेल तर ही साधी मळमळ राहिलेली नाही. सलाईन लागू शकतं. सगळ्यांनाच होतं म्हणून घरी पडून राहू नका.

आता थकवा. मला कुणी सांगितलंच नव्हतं की थकवा असा असतो. दुपारी तीनला ऑफिसात डोळे असे मिटायला लागायचे की मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकून पाच मिनिटं बसायचे. पोट दिसत नाही, काही नाही, मग एवढं काय झालं असं मलाच वाटायचं. पण आठव्या आठवड्यापर्यंतच हृदय दर मिनिटाला वीसेक टक्के जास्त रक्त फेकायला लागलेलं असतं, अंगातलं रक्त वाढायला लागलेलं असतं, किडनीला जास्त काम पडतं (म्हणूनच तर सारखं लघवीला जावं लागतं, आणि त्यावर पाणी कमी करणं हा उपाय नाही), एक आख्खा नवीन अवयव, वार, बनत असतो, आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे झोप येते ते वेगळंच. जी बाई बसल्या जागी एवढं सगळं करतेय तिला तीन वाजता झोप येणारच.

आणि इथे मला एक गोष्ट फार खुपते. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी आपण सगळ्याच जणी गाठ मारून घेतो. कारण मला कळतं, काही झालं तर सगळ्यांना सांगत कोण बसणार. पण मग ज्या आठवड्यांत सगळ्यात जास्त त्रास असतो नेमके तेच आठवडे आपण एकटीने, हसऱ्या चेहऱ्याने, ॲसिडिटी झालीय असं सांगत काढतो, आणि जेव्हा सगळ्यांना कळतं आणि सगळे काळजी घ्यायला धावतात तेव्हा आपल्याला खरं तर बरं वाटायला लागलेलं असतं! मी माझ्या वेळी नवरा सोडून कुणालाच सांगितलं नाही, आईलाही दहाव्या आठवड्यात सांगितलं, आणि आई म्हणाली, "अगं मग मी इतके दिवस होते कशाला?" ते ऐकून मला हुंदका आवरला नाही.

म्हणून बहिणीला मी एकच गोष्ट हट्टाने करायला लावली. सगळ्यांना नको सांगूस, पण घराबाहेरच्या एका माणसाला सांग, जिथे तू दिवसाचे आठ-नऊ तास असतेस तिथल्या. माणूस असा निवड की वाईट काही झालं तरी ज्याला ते सांगता येईल. तिने टीममधल्या एका सिनिअर मैत्रिणीला सांगितलं. त्या बाईंनी काही मोठं केलं नाही, सकाळची नऊची मिटिंग अकराला ढकलली आणि दुपारी स्वतःच्या केबिनचा सोफा दिला, वीस मिनिटं दार बंद करून. बहीण म्हणते की त्या वीस मिनिटांवर तिचा सगळा दिवस चालतो.

बाकी छोट्या गोष्टी भराभर सांगते. पोट साफ होत नाही कारण प्रोजेस्टेरॉनने आतडी सुस्तावतात, तर पाणी, फळं, भाज्या, सालीसकट धान्य आणि थोडं चालणं, आणि तरी नाही झालं तर डॉक्टरांना सांगायला लाजायचं नाही. छातीत जळजळ होत असेल तर जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. छाती दुखते, कपडा लागला तरी दुखते, तर बिनवायरची मऊ सुती ब्रा घ्यायची आणि रात्रीही घालून झोपायची, मला याने खूप आराम पडला. कुशीवरच झोपायला हवं का हे तिने तीनदा विचारलं, तर नाही, आत्ता कशीही झोप, पालथी झोपलीस तरी चालेल, कुशीवर झोपायचा आग्रह २८ आठवड्यांनंतरचा आहे. कॉफी पूर्ण बंद नको, दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत, म्हणजे इन्स्टंट कॉफीचे साधारण दोन मग, आणि चहाही त्याच हिशोबात धरायचा. दारू आणि सिगारेट पूर्ण बंद, यात थोडीशी चालते असं काही नाही, आणि घरात दुसऱ्या कुणी ओढत असेल तर त्याने बाहेर जावं. कच्चं दूध, अर्धवट शिजलेलं मांस आणि लिव्हर नको. घरात मांजर असेल तर तिच्या शी-शूची माती दुसऱ्या कुणीतरी बदलायची, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू त्यातून येतो, मांजराला मात्र घराबाहेर काढायची गरज नाही. आधीपासून चालत, पोहत, योगासनं करत असाल आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर चालू ठेवा, आठवड्याला १५० मिनिटं हे जे सांगतात ते गरोदर बायकांनाही लागू आहे. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. सॉना आणि खूप गरम पाण्याचा टब तेवढा नको.

आणि भीती. ती कुणी बोलत नाही पण प्रत्येकीला असते, मी तर प्रत्येक वेळी बाथरूमला गेले की आधी डाग आहे का बघायचे. साधारण चारातल्या एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडंफार अंगावर जातं आणि त्यातल्या पुष्कळ जणींचं सगळं नीट पार पडतं. पण दिसलं तर डॉक्टरांना कळवायचंच, आणि रक्त जास्त जात असेल, ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडायला होत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, गर्भ पिशवीऐवजी ट्यूबमध्ये राहिला असेल तर तिथे वेळ काढून चालत नाही. ताप आला, लघवीला जळजळ झाली तरी दाखवायचं.

आणि ज्यांचं बाळ राहिलं नाही त्यांच्यासाठी, कारण हे वाचणाऱ्यांत त्याही असतील. कळलेल्या गरोदरपणांपैकी १० ते २० टक्के थांबतात, बहुतेक याच बारा आठवड्यांत, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत कारण गुणसूत्रांतला दोष असतो, जो अगदी सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो. जिना चढलीस म्हणून नाही, ऑफिसला गेलीस म्हणून नाही, बादली उचललीस म्हणून नाही, त्या दिवशी नवऱ्याशी भांडलीस म्हणून तर अजिबात नाही. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला हे दोन वर्षांनी कळलं आणि दोन वर्षं ती एका बॅगेला दोष देत होती जी तिने स्टेशनवर उचलली होती.

उद्या बहिणीची पहिली सोनोग्राफी आहे. आठ आठवडे होतील, म्हणजे ठोके दिसायला हवेत, आणि बाळ दीड सेंटीमीटरच्या आसपास असेल. पोटावरून करणार आहेत म्हणून ब्लॅडर भरलेलं ठेवून यायला सांगितलंय, आणि तिला पाणी बघूनच मळमळतंय, तर मी सकाळी लवकर तिच्याकडे जाऊन बसणार आहे, घोट घोट पाजायला. पर्समध्ये बिस्किटं, लिंबू आणि एक प्लॅस्टिकची पिशवी आत्ताच टाकून ठेवलीय.